अनुभव धागा : लहान मुलांच्या हाती नेट – तुमच्या घरी काय चालतं?

मधली_सुट्टी :
काल सहा वर्षांची एक पाहुणी आली. दारातूनच विचारते, "काकू, वायफायचा पासवर्ड काय?" तिची आई ओशाळली, मला मात्र आमचा हॉलमधला कॉम्प्युटर आठवला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला स्क्रीन दिसेल अशाच कोपऱ्यात तो ठेवलेला. मागे बाबा पेपर वाचत बसलेले. नेट घरच्या फोनच्याच लाइनवर चालायचं, त्यामुळे कुणाचा फोन यायचा असला की "नेट बंद कर, लाइन मोकळी हवी!" वेगळ्या बंधनाची गरजच पडली नाही. आता तळहाताएवढा स्क्रीन घेऊन पोर भिंतीकडे तोंड करून बसलं की काय चाललंय कळायला मार्ग नाही. माझं मत : सात-आठ वर्षांपर्यंत शेजारी बसून खुशाल द्यावं, एकट्याला देऊ नये. पण मला मूल नाही, तेव्हा हे मत फुकटचं. ज्यांच्या घरी रोजची लढाई आहे त्यांनी लिहा.

टिंबटिंब :
पहिली! सविस्तर नंतर लिहिते, कन्या उठली.

झोपमोड :
आमच्या चिरंजीवांची बालवाडीच २०२० मध्ये स्क्रीनवर सुरू झाली. द्यावं की नाही हे विचारलं कुणी? बाई 'अ' शिकवतायत, एक मूल टेबलाखाली, एक रडतंय, एकाचे आजोबा मागून उत्तरं पुरवतायत. अक्षरं राहिली बाजूला, म्यूट-अनम्यूट मात्र पक्कं झालं. पुढे एकदा आजी रुसून गप्प बसली तर साहेब म्हणाले, "आजी, तू म्यूटवर आहेस." रुसवा तिथेच संपला.

हिशेबी :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय : दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्यांना सगळं नको म्हणताना व्हिडिओ कॉल तेवढा वगळला. पटण्यासारखं आहे. बाळ हसलं की कॉलवरचा माणूस हसतो, कार्टून आपल्याच नादात.
हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तो एक तास सोडून बाकीचा वेळ तू सांभाळणार का? तेव्हापासून घरात हा विषय निघालेला नाही.

टिंबटिंब :
वहिनींना माझ्याकडून टाळी!!

कडेकडेने :
व्हिडिओ कॉलवरून आठवलं. माझ्या भाच्याला जन्मापासून ऐकू येत नाही. साध्या फोनवर तो आजीशी काय बोलणार? आता फोन भिंतीला टेकवून ठेवतो (दोन्ही हात मोकळे हवेत ना) आणि गप्पा सुरू. आजी सत्तरीत खुणांची भाषा शिकली, तीही व्हिडिओ बघून. अजून चुकते. चुकली की हा कपाळावर हात मारतो आणि तीच खूण सावकाश पुन्हा करून दाखवतो. लहानांना नेट नकोच म्हणणाऱ्यांनी या पोराला काय सांगायचं तेवढं सांगा.
एरवी हाच इसम दुसऱ्यांच्या खेळण्यांची खोकी उघडतानाचे व्हिडिओ तासन्‌तास बघतो, तो विषय वेगळा.

तेरावा_गडी :
समाजमाध्यमांवर खातं उघडायला ती तेरा वर्षांची अट असते ना, ती आली कुठून, तर अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यातून. २००० पासून लागू. तेराखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करायची नाही, एवढंच. तेराव्या वर्षी अक्कल येते असं त्यात कुणी म्हटलेलं नाही! कंपन्यांनी विचार केला, संमतीच्या भानगडीत पडतो कोण, तेराखालचे नकोतच. ऑस्ट्रेलियाने समाजमाध्यमांसाठी १० डिसेंबर २०२५ पासून सोळा केलंय, आणि दंड कंपन्यांना, पालकांना नाही. हे मला आवडलं.
बाकी आमच्या पुतण्याने जन्मसाल १९४८ टाकलंय. त्याला गुडघेदुखीच्या जाहिराती येतात.

झोपमोड :
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकांना जपा.

गच्चीवरून :
कामात आहे, पटकन लिहितो. मुलगी आठ वर्षांची, घरं बांधायचा एक गेम खेळायची. एकदा टॅब छातीशी धरून नुसतीच माझ्याजवळ येऊन उभी. काय गं, म्हटलं, तर स्क्रीन पुढे केला. चॅटमध्ये कुणीतरी विचारलेलं, 'घरी एकटी आहेस का?' वर सरकवत गेलो तर त्याआधी बरेच दिवस फुकट नाणी, 'तुझं घर सगळ्यात भारी', सगळं कसं गोडीगुलाबीने. स्क्रीनशॉट काढले, ब्लॉक केलं, तक्रार टाकली. गेमवाल्यांकडून छापील उत्तर आलं, बस.
पण तिचा पहिला प्रश्न काय, तर "बाबा, आता गेम काढून टाकणार?" त्या माणसापेक्षा तिला गेम जाण्याची भीती जास्त. म्हणून गेम ठेवला, चॅट बंद केलं. काढला असता तर पुढच्या वेळी ती माझ्याकडे आलीच नसती.

मधली_सुट्टी :
बापरे, काटा आला. पोरगी येऊन सांगते, शाबास तिची. आणि तुमचीही.

चष्मा_कुठाय :
मी आजोबा. पोरांवर बंदी घालायच्या आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर घाला. नात दहाची, काहीही फॉरवर्ड केलं की विचारते, "आजोबा, हे कुणी लिहिलंय?" फॉरवर्ड करायची सोयच राहिली नाही.
असो. फोनच्या लाइनवर नेट जोडणारं ते ५६ केबीपीएसचं मोडेम लागायचं तेव्हाचा आवाज आठवतो का कुणाला? खर्रर्र कीं कीं.

अर्धवट :
आठवतो म्हणजे काय! रात्री मोडेमवर उशी दाबून धरायचो, बाबा उठू नयेत म्हणून.

चष्मा_कुठाय :
उठलेलेच असायचे हो. आम्हाला सगळं ऐकू यायचं.

अर्धवट :
आता सांगताय?

टिंबटिंब :
आले परत. अहो, ते एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ कसे थांबवायचे? 'एवढं झालं की बंद' असं ठरतं आणि 'एवढं' काही संपत नाही.

हिशेबी :
सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा. यूट्यूब किड्स असेल तर सर्चही बंद करता येतो, आणि फक्त तुम्ही निवडलेले व्हिडिओ दिसतील असंही ठरवता येतं. शिवाय आयफोनला गायडेड अॅक्सेस, अँड्रॉइडला अॅप पिनिंग आहे, मूल त्या अॅपच्या बाहेर पडत नाही.

कडेकडेने :
आमच्याकडे दोन-तीन डाउनलोड करून ठेवतात आणि नेट बंद. संपले की संपले. राग फोनवर निघतो, आईवर नाही.

टिंबटिंब :
केलं बंद, धन्यवाद हिशेबी. कन्येने आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आता 'आईने फोन बिघडवला' म्हणून भोकाड पसरलंय. येते नंतर.