वेळापत्रकावर जगणारं लेकरू आणि आखाजीचं माहेरपण: तुमचे अनुभव सांगा

मुलगा साडेचार वर्षांचा, ऑटिझम आहे. आम्ही जळगावला असतो. सकाळचं दूध स्टीलच्याच पेल्यात लागतं. परवा पेला खरकट्यात पडलेला म्हणून काचेच्या ग्लासात दिलं, तर अर्धा तास रडणं. आता आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार दिवस अमळनेरला माहेरी जायचंय. तुम्ही कसं निभावता?

भुसावळहून
नवरा रेल्वेत इंजिनावर, ड्युटीला ताळमेळ नाही. लेक संध्याकाळी दारातच बसायची. आता दारामागे दोन चित्रं टांगलीत, घर आणि इंजिन. झोपण्याआधी उद्याचं चित्र तीच लावते. कॉल अवेळी येतो तेव्हा फसतं, मग तिसरं चित्र काढलं: नुसतं प्रश्नचिन्ह. ते लावलं की चिडते, पण दारात बसत नाही.

शिंदखेड्याहून
घड्याळाच्या नादी लागू नका. आमच्याकडे वीज गेली की आठची झोप दहावर जाते. वेळ हलली तरी चालते, क्रम हलू देऊ नका. सासूबाई आधी म्हणायच्या, "पोऱ्याले लाडाई ठेयेल शे." आणि खरा क्रम त्यांनीच बसवला! देवाजवळ दिवा, मग हातपाय, मग खिचडी, मग गोष्ट. गोष्ट रोज तीच. आम्हाला पाठ झालीय, त्याला कंटाळा नाही.

धुळ्याहून
आमचा फजितीचा अनुभव. घरात कानबाई देवी बसवली, रोटांच्या प्रसादासाठी सगळे भाऊबंद जमले. पोरगं किंचाळायला लागलं. गर्दीमुळे असेल म्हणून मागच्या खोलीत नेलं, तरी थांबेना. खूप उशिरा कळलं, चौरंग त्याच्या गादीच्या जागेवर मांडला होता! पुढच्या वर्षी रिकामा चौरंग चार दिवस आधीच ठेवला आणि गादी रोज वीतभर सरकवली. रोट खाल्ले नाहीत, पण आरतीला टाळ्या वाजवल्या.

चोपड्याहून
एक सांगते, नेम आवडणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं. माझी मुलगी ऑटिस्टिक नाही, तरी "आधी आंघोळ, मग झोका" एवढं सांगितलं की निम्मी भांडणं मिटतात. बोलणं, नजर, खेळणं याबद्दलही शंका असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारा. ऑटिझम २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवा.

धागाकर्ती
पेला पिशवीत टाकला. काल चित्रं काढायला बसले. बस ओळखली, झोकाही ओळखला. आजीला मात्र "माऊ" म्हणाला. तिचा फोटोच चिकटवते.