चोर सोडून संन्याशाला फाशी: लिनक्सवर स्क्रीन गेली की ड्रायव्हरच का?

नौपाड्यातला छपाईवाला

माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. काम उबुंटू या लिनक्सवर, इंकस्केप आणि स्क्रायबस या मांडणीच्या प्रोग्राममध्ये. गणपतीच्या तोंडावर एका मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं लावत होतो, तेवढ्यात स्क्रीन काळी. ग्राफिक्स कार्डाचा पंखा मात्र विमानासारखा. दिवसातून दोनदा, मग चारदा.

भाचा म्हणाला, "मामा, ड्रायव्हर उडव, नवा टाक." मी ऐकलं. ड्रायव्हरचं (म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) उबुंटूचं पॅकेज काढलं आणि कार्डाची कंपनी एनव्हिडिया हिच्या साइटवरून .रन फाइल उतरवून बसवली. दोन दिवसांनी कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) अपडेट आलं आणि डेस्कटॉप उघडेचना, कारण ती फाइल टाकताना डीकेएमएसचा पर्याय मी घेतलाच नव्हता. म्हणजे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा भाग) आपोआप बांधायला कोणी नव्हतं. एक दुखणं होतं, त्याची दोन झाली.

शेवटी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन, आणि जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला स्क्रीन गेली त्या बूटचा कर्नल लॉग मागितला. तिथे एक्सआयडी ७९ (एनव्हिडिया ड्रायव्हरचा त्रुटी-क्रमांक) असा स्वच्छ आकडा, आणि पुढे लिहिलेलं की कार्ड 'बसवरून पडलं'. (ठाण्याच्या टीएमटीची नव्हे. कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसची.) म्हणजे कार्डाने मदरबोर्डला उत्तर देणंच बंद केलं. याला वीज, उष्णता, सैल जोड, क्वचित ड्रायव्हरही, अशी बरीच कारणं असतात. कॅबिनेट उघडलं तर कार्डाला वीज देणारी सहा पिनांची वायर मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून घेतलेली, आणि जोडणीचं प्लास्टिक पिवळं पडून वितळायला आलेलं. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला. विषय संपला.

म्हणून माझं मत: लॉग वाचेपर्यंत कशालाही हात लावू नये. आणि लावलाच तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

घणसोलीकर

असहमत. तुमचं नशीब की मशीन पूर्ण गोठलं नव्हतं. खरं हार्ड हँग झालं की शेवटच्या ओळी डिस्कवर उतरतच नाहीत, आणि नेमक्या त्याच कामाच्या असतात. मग वाचा काय वाचायचं ते!

आणि समोर मंडळाचे चार कार्यकर्ते उभे असताना लॉग कोण वाचतो हो? मी सरळ रीस्टार्ट करतो, ग्रबमध्ये (सुरू होतानाच्या निवड-यादीत) जुना कर्नल निवडतो, काम उरकतो. लॉग-बिग सवडीने. दुकान हे दुकान आहे, प्रयोगशाळा नव्हे.

नौपाड्यातला छपाईवाला

जुन्या कर्नलचं मान्य. तीही एक तपासणीच आहे म्हणा: जुन्यावर चाललं आणि नव्यावर नाही, तर निदान शोधायचं कुठे ते कळतं. माझ्या बाबतीत दोन्हींवर स्क्रीन गेली असती, कारण वायर कर्नलला विचारून जळत नाही.

गोठलेल्या मशीनचं: थेट बटण दाबून बंद करू नका. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून आधी एस, मग यू, मग बी, दोन-दोन सेकंद थांबत. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, बीने रीस्टार्ट. उबुंटूत एवढं आधीपासून चालू असतं. कर्नलच मेला असेल तर काही उपयोग नाही, पण बरेचदा नुसतं चित्र मेलेलं असतं, आतला माणूस जिवंत असतो.

वाशीवाली

तुम्ही दोघं दोन वेगळ्या आजारांबद्दल भांडताय. चालता-चालता ड्रायव्हर कोसळणं वेगळं आणि ड्रायव्हर लोडच न होणं वेगळं. दुसऱ्यात लोक उगाच कार्ड विकून टाकतात.

माझं घ्या. /बूट, म्हणजे कर्नल ठेवायची जागा, भरलं म्हणून मी आवरायला बसले आणि कर्नलचे हेडर्सही काढून टाकले. पुढच्या अपडेटला डीकेएमएसला मॉड्यूल बांधायला सामानच नाही. मशीन नूवो या खुल्या ड्रायव्हरवर उघडलं आणि सगळं कासवासारखं. दुसऱ्यांदा तर आणखी गंमत. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही आत न घेणारी सोय) चालू होतं. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला तो दिला, आणि रीस्टार्टला ती निळी स्क्रीन आली तेव्हा घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबलं. तिथेच सही नोंदवायची असते! नोंद नाही म्हणून कर्नलने मॉड्यूल आत घेतलं नाही. ड्रायव्हर बिचारा दारात उभा आणि मी त्यालाच दोष देतेय. दोन्ही वेळा चूक माझी, आणि दोन्ही वेळा लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेली.

घोडबंदरी

एवढी उस्तवार करावीच का लागते? उगाच नाही लिनक्सच्या जनकाने, टोरवाल्ड्सने, २०१२ मध्ये फिनलंडमधल्या कार्यक्रमात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. एएमडीचं कार्ड घ्या, इंटेलचं घ्या, ड्रायव्हर कर्नलमध्येच. ना डीकेएमएस ना निळी स्क्रीन.

घणसोलीकर

२०१२ ची गोष्ट किती दिवस पुरवणार? मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. अर्थात तो ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांनाच, म्हणजे १६ आणि २० सिरीजपासून. माझ्या १०५० टीआयला, म्हणजे आधीच्या पास्कल पिढीच्या कार्डाला, त्याचा उपयोग शून्य. उलट पास्कलसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. म्हणून म्हणतो, जुनं कार्ड असेल तर रोलिंग डिस्ट्रोच्या (सतत नवनवं अपडेट देणाऱ्या लिनक्सच्या) नादी लागू नये, नाहीतर एके सकाळी अपडेट येतं आणि आपलं कार्ड यादीतून गायब.

आणि एएमडीही काही सोवळ्यातलं नाही. 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' ही त्यांच्या ड्रायव्हरची तक्रार शोधून बघा, किती लोक रडतायत ते.

घोडबंदरी

टाइमआउट येतो, नाकारत नाही. पण तिथे ड्रायव्हर कार्ड रीसेट करून बघतो तरी.

वाशीवाली

कार्ड सावरतं हो, पण सेशन कुठे सावरतं? वेलँड या नव्या पद्धतीत खिडक्या मांडणारा कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडद्यावर चित्र देणारा. तो गेला की बहुतेक उघड्या खिडक्या त्याच्याबरोबर सती. जुन्या एक्स११ पद्धतीत नुसता विंडो मॅनेजर पडला तर खिडक्या तरी राहायच्या. म्हणून मी अजून लॉगिनला एक्स११ निवडून बघते: तिथे आठवडाभर नीट चाललं तर कार्ड आणि वीज यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. उबुंटू २५.१० पासून ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ती सोय काढलीय, त्याचं मात्र वाईट वाटलं.

नौपाड्यातला छपाईवाला

ही युक्ती मला माहीत असती तर दोन रात्री वाचल्या असत्या. घणसोलीकर, तुमचं कार्ड सहा पिनांची वायर घेतं का? घेत असेल तर जोडणी एकदा हात लावून बघा. मशीन बंद करून, अर्थात.

घणसोलीकर

माझ्या कार्डाला वेगळी वायरच नाही, स्लॉटवरूनच वीज घेतं. पण पावसाळ्यापासून महिन्यातून एकदा स्क्रीन जाते हे खरं, आणि मी दर वेळी जुना कर्नल निवडून गप्प बसतो हेही खरं. बघतो लॉग. विसर्जन झाल्यावर.