गावभागातल्या वाड्यातला तो 'परफॉर्मन्स' कुणी कुणी पाहिला? (आणि पटला का?)

कृष्णाकाठ
रविवारी सांगलीत गावभागातल्या एका जुन्या वाड्यात जाऊन आलो. 'नाटक म्हणू नका' असं दारातच बजावण्यात आलं. माणसं पंचवीस, खुर्च्या नाहीत, चपला ओट्याखाली. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरलो तर एक मुलगी पितळी तांब्या घेऊन उभी. ती बोलत नाही, नुसती चालते, आपण मागोमाग. सोपा, माजघर, जिन्यावरून माळा, परत खाली. भिंतीवर 2019 च्या पुराची रेघ अजून आहे. दोघंजण त्या रेघेवरून ओलं फडकं फिरवत होते, पुसत होते की गिरवत होते कोण जाणे. वीस मिनिटं तेच. मग मुलीनं तांब्यातलं पाणी चौकात ओतलं आणि संपलं. टाळ्या वाजवायच्या का, म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

कळलं नाही ही माझी तक्रार नाही. न कळलेली पुष्कळ नाटकं मला आवडली आहेत. तक्रार ही, की वाडा आयतं नेपथ्य म्हणून वापरला. तिथं कोण राहिलं, बाळंतिणीची खोली कुठली, पुराच्या रात्री माळ्यावर कोण बसून होतं, एक अक्षर नाही. पडकी भिंत झकास दिसते एवढंच. लग्नाआधीचं फोटोशूट करणारे तरी वेगळं काय करतात? हीच जागा का, हे प्रयोगातूनच समजायला हवं. नाहीतर भावे नाट्यमंदिर आहेच की.

अललडुर्र
काका, भाव्यांचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बोलतो. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सांगलीत नाट्यगृह कुठं होतं? सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब यांच्या दरबारी खेळ झाला. संवाद लिहिलेले नव्हते, सूत्रधार पदं गाणार आणि पात्रं त्या वेळी सुचेल ते बोलणार. राक्षस 'अललडुर्र' करत घुसायचे (माझं इथलं नाव तिथूनच). कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सुचलेली गोष्ट, तीही राजाच्या घरात. आज तिला आपण मराठी रंगभूमीचा उगम म्हणतो. आणि प्रायोगिक म्हणून ज्याचा अभिमान मिरवतो ते 1970 च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये वाढलं. नाट्यगृहात काय, सोय असते. नाटक जन्मायला सोय लागतेच असं नाही.

बाहेरचं एक सांगतो. 1988 मध्ये ब्रिथ गॉफ या वेल्श मंडळींनी कार्डिफमधल्या मोटारींच्या बंद कारखान्यात 'गोदोदिन' केलं. आत वाळू, झाडं, भंगार गाड्या, आणि खेळ चालू असताना पाणी भरत जायचं. त्यांच्यातला क्लिफ मॅक्लुकस म्हणायचा, जागा यजमान आणि प्रयोग तिच्यात वावरणारं भूत. आपल्याकडं वाडा म्हटलं की भूत आलंच, तेव्हा हे समजायला अवघड जाऊ नये :)

भडंगवाला
भूत बित ठीक आहे ओ. मला एक सांगा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं. आमच्या दुकानातलं एक पोतं वाचलं नाही. फ्रीज छताला टेकलेला. आता तोच पूर मी तिकीट काढून 'अनुभवायचा'? हौस बघा! अजून अस्सल काही पाहिजे असलं तर हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांत करा म्हणावं. तिथं तर 2005 च्या पुरानं कायमची वाट लावली. मात्र उतरायच्या आधी पेव उघडून हवा खेळू द्या, नाहीतर प्रेक्षक तिथंच आडवे.

चुनागच्ची
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. कलेवर बोलत नाही, भिंतीवर बोलते. चुन्याच्या गिलाव्यातून ओल आत-बाहेर जाऊ शकते, म्हणून हे वाडे पुरातूनही उभे राहिले. पूर ओसरल्यावर लोकांनी घाईनं सिमेंट थापलं, ओल आत कोंडली आणि क्षार वर येऊन पापुद्रे सुटले. सुटलेल्या त्या गिलाव्यावर हे प्रत्येक प्रयोगाला वीस मिनिटं ओलं फडकं घासणार. दहा प्रयोगांनंतर रेघही राहायची नाही.

त्याहून मोठं काळजीचं माळ्याचं. पुरात भिजलेल्या तुळईचं टोक भिंतीच्या आत कुजतं आणि बाहेरून वरची पॉलिश तेवढी दिसते. तिच्यावर एकदम पंचवीस माणसं? केंद्राचं संरक्षित स्मारक असतं तर 1958 चा कायदा आडवा आला असता. इथं मालकानं हो म्हटलं की झालं.

अललडुर्र
ताई, माळ्याचं शंभर टक्के मान्य, कळवतो त्यांना. रेघेचं मात्र नाही. ती पुसली जाते आहे हाच तर प्रयोग आहे. जपून काच लावली की तिचं म्युझियम झालं.

चुनागच्ची
रेघ तुमची आहे का पण?

कृष्णाकाठ
अगदी हेच! आणि अललडुर्र, तुम्ही सांगितलंत म्हणून त्या वेल्श प्रयोगाबद्दल वाचलं. 'गोदोदिन' हे मूळचं जुनं वेल्श काव्य, लढाईत कामी आलेल्या योद्ध्यांचं. ते बंद पडलेल्या कारखान्यात केलं की हरलेले योद्धे आणि काम गेलेले कामगार शेजारी येऊन उभे राहतात. जागा का निवडली हे कुणी सांगावं लागत नाही. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं बोलतंय.

माहेर_सांगली
लिहू का नको करत होते. आम्ही त्या वाड्यात भाडेकरू होतो, 2006 पर्यंत. 2005 चा पूर मी तिथं काढलाय. प्रयोग बसवणारी मुलं माझ्याकडं तीन दुपारी येऊन बसली होती. माळ्यावरची रात्र, सासूबाईंनी पुरणयंत्र आधी वर नेलं आणि दागिन्यांचा डबा खालीच राहिला ते, सगळं सांगितलं. तो तांब्यासुद्धा आमचाच, मीच दिला. तेव्हा कृष्णाकाठभाऊ, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून बोलले नाहीत.

मला रागच आला होता. एवढं सांगितलं आणि ह्यांनी मुकं करून टाकलं. पण तिनं चौकात पाणी ओतलं तेव्हा ते आधी तुळशीपाशी घुटमळलं आणि मग फुटक्या फरशीच्या कडेनं मोरीकडं वळलं. मी तिथं अठरा वर्षं धुणं धुतलंय, पाणी तसंच जातं. ते बघताना काय झालं ते मला इथं लिहिता येणार नाही.

आणि ते दोघं पुसत होते ती वरची रेघ. 2005 ची तिच्या खाली, माझ्या कमरेला येते. घरमालकांनी तिच्यावर चुना दिलाय, तिरपं बघितलं की दिसते. मुलांना दाखवली होती. ती त्यांनी का सोडली कोण जाणे.

भडंगवाला
वहिनी, आधी बोललो ते तुम्हाला लागलं असलं तर माफ करा. पुरणयंत्राचं वाचून हसू पण आलं आणि आमची आई पण आठवली. तिनं उखळ नेलं होतं.

कृष्णाकाठ
वहिनी, म्हणजे माझा अर्धा आरोप गेला. उरलेला राहतोच. तुम्हाला जे दिसलं ते तुम्हाला पाणी कुठं वळतं हे ठाऊक होतं म्हणून. बाकी चोवीस जणांना ओली फरशी दिसली. तुमचं सांगणं एका कागदावर छापून दारात हातात दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

अललडुर्र
बिघडलं असतं. सगळे कागद वाचत फिरले असते, पाण्याकडं कुणी बघितलंच नसतं.

चुनागच्ची
येत्या रविवारी परत आहे ना? माळ्यावर एका वेळी आठच जण, एवढं तरी ठरवून घ्या. मी आधी येऊन तुळया ठोकून बघते, पैसे नकोत.

माहेर_सांगली
या की ताई. आणि त्या मुलांना सांगा, मोरीच्या तोंडाशी पानं अडकली आहेत, तेवढी काढून ठेवा म्हणावं.