कॅसेटचं चित्र छापलं की झालं डिझाइन?

उभाआडवा:
कॅसेट, पंचकार्ड, जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या... या विषयांवरचे बहुतेक कपडे म्हणजे छातीवर छापलेलं चित्र. माझ्या मते हा आळस आहे. यंत्र ज्या रीतीने चालायचं ती रीत कापडात उतरली पाहिजे. पंचकार्ड, म्हणजे भोकांनी माहिती नोंदवणारं जाड कागदाचं कार्ड, तर मूळचं मागावरचंच; जॅकार्डचा माग १८०४ चा, संगणकवाल्यांनी कार्ड नंतर उचललं. ८० रकाने आणि १२ ओळींचं संगणकी कार्ड आडवं फिरवा, प्रत्येक रकान्याची विणीतली एक ओळ होते, १२ टाक्यांची. घरगुती विणकाम यंत्राचं कार्ड २४ टाक्यांचं, म्हणजे नमुना बरोबर दोनदा बसतो. मजकुरावरून भोकांचा नकाशा छोटासा प्रोग्राम काढून देतो. असा स्वेटर अक्षरशः वाचता येतो.

काजबटण:
वाचता येईल हो, घालता येईल का? त्या कार्डात आकड्याला रकान्यात एकच भोक, अक्षराला दोन. म्हणजे १२ टाक्यांत एक टाका दुसऱ्या रंगाचा आणि पाठीमागे ११ टाक्यांचा लोंबता धागा. १० सेंमीत २८ टाके धरले तर जवळपास ४ सेंमी! बाहीत हात घातला की बोट अडकलंच. पाचेक टाक्यांपलीकडे मागे धागा सोडायचा नसतो.

आणि छपाईला आळस म्हणू नका. जुन्या टीव्हीच्या पडद्याच्या आडव्या रेषा १ पिक्सेलच्या ठेवल्या तर १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) त्या ०.१७ मिमीच्या होतात. विणीत गडप, नाहीतर विणीशी भांडून भलत्याच लाटा दिसतात. निदान ६ पिक्सेल हवेत, म्हणजे १ मिमी. आता टीव्हीच्या ६२५ रेषांच्या जुन्या पद्धतीत दिसणाऱ्या रेषा ५७६. १ मिमी रेष, १ मिमी फट धरली तर चित्राची उंची ११५ सेंमी! ६० सेंमीच्या पुढ्यात (कपड्याच्या पुढच्या भागात) ३०० मावतात. कुठल्या ठेवायच्या हे ठरवणं डिझाइनच आहे. शिवाय फॉस्फरचा, म्हणजे जुन्या पडद्यावरच्या चमकत्या लेपाचा, तो झगझगीत हिरवा छपाईच्या नेहमीच्या चार शाईंत येतच नाही, मळकट उतरतो.

टाचणी:
दोघांनाही एक आठवण. विणीतला टाका चौकोनी नसतो. १० सेंमीत २८ टाके आणि ४० ओळी असतील, तर कॅसेटचं १०० टाके रुंद रीळ गोल दिसायला १४३ ओळी लागतात. चित्राचा पिक्सेल आणि टाका सारखाच धरला तर रिळाची भाकरी दाबल्यासारखी होते. नमुन्याचा तुकडा आधी धुवा, मग मोजा.

उभाआडवा:
लोंबत्या धाग्याचं बरोबर आहे. मग दोन रंग सोडा आणि टक टाक्यात विणा, म्हणजे त्या सुईवरचा टाका न विणता धाग्याचा वेढा नुसता धरून ठेवायचा. बऱ्याच यंत्रांवर भोक म्हणजे विणणं आणि कोरी जागा म्हणजे टक, म्हणून कार्ड उलटं पंच करायचं: बारापैकी फक्त मजकुराच्या जागा कोऱ्या. मागे धागाच राहत नाही. एकच आकडा पाच वेळा आला तर त्याच सुईवर पाच वेढे साचून ती अडते, म्हणून प्रत्येक ओळीनंतर एक साधी ओळ. ८० च्या १६० ओळी, साधारण ४० सेंमी. टकने वीण दबते, थोडं कमीच भरेल. स्वेटरच्या पुढ्यासाठी पुरेसं.

काजबटण:
विणेल छान. पण एकरंगी टक दोन हातांवरून नुसती खडबडीत वीण दिसते, पंचकार्ड आहे हे चिठ्ठी लावून सांगावं लागेल. कलाकार अ‍ॅलिस सँटोरो यांनी कॅसेटची फीत आणि पॉलिएस्टर धागा एकत्र विणून 'सॉनिक फॅब्रिक' केलं, त्यावरून टेपचं हेड फिरवलं की आवाज निघतो. तिथे रीत खरंच उतरली, आणि फीत कापडात डोळ्यांना दिसतेही. तुमच्या स्वेटरमध्ये फक्त उतरली.

उभाआडवा:
मग टकच्या जागांवर चमकदार धाग्याचा एकेक टाका वरून सुईने भरा. एका नमुन्याला ८० ते १६० टाके, एका बैठकीचं काम. पाठीमागे प्रत्येक टाका तिथेच अडकवायचा, पुढच्या टाक्यापर्यंत ओढत न्यायचा नाही.

काजबटण:
पुढ्यावर ओळीत नमुना आठ वेळा तरी येतो. गुणाकार करा आणि मग बैठका मोजा.