नेट वर्थला मराठीत काय म्हणायचं? ऐपत, नक्त मूल्य का अजून काही?

लातूरकर
मंडळी, आमच्या दहावीच्या ग्रुपवर पस्तिशी आली तसं सगळ्यांना नेट वर्थ, म्हणजे असलेल्यातून कर्ज वजा जाता उरतं ते, काढायचा नाद लागलाय. "आपल्या वयाला किती पाहिजे" हा एकच विषय. मी मराठीत एक शीट बनवायलोय, हेडिंग काय टाकू? ऐपत टाकलं तर दोघं-तिघं फुगून बसले.

परभणीवाला
फुगणारच की! ऐपत म्हणजे खर्च पेलायची ताकद, आणि आपल्याकडं तो शब्द निघतो तेच मुळी "ऐपत नसताना लग्नात डीजे लावला" असा. तहसीलचा ऐपतीचा दाखला वेगळा, तो जामीन राहताना नाहीतर ठेका घेताना लागतो. हैसियत तसंच, आणि औकात तर लिहूच नको बाबा, ग्रुप फुटल. बँकेच्या, पतसंस्थेच्या कागदात नक्त मूल्य असतं, ते टाक.

उदगीरची ताई
नक्त मूल्य बरोबरच हाय पण बोलताना कोण म्हणतंय? आमच्याकडं सरळ "देणं वजा जाता किती उरतंय" म्हणतात. सगळा खेळ त्या वजा शब्दातच हाय, कारण मालमत्ता म्हणलं की नुसतं असलेलं दिसतं आणि घेतलेलं झाकून जातं. इलेक्शनच्या शपथपत्रात बघ, स्थावर, जंगम आणि दायित्व असे वेगवेगळे रकाने असतात, पण पेपरात हेडिंग येतं अमुक कोटींची मालमत्ता, कर्ज बातमीच्या पार तळाला.

आणि शेतकऱ्याला ही वजाबाकी कुणी शिकवायची गरज नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा चढला की दहा एकरवाला बी गप असतो, बोजा उतरला की सातबारा कोरा. कोरा म्हणजे रिकामा, तरी इथं ती चांगली गोष्ट, हे मला लई आवडतं.

लातूरकर
ताई एक नंबर. पण ग्रुपवर अमेरिकेचा एक आकडा फिरायलाय, 35 ते 44 वयाला साडेपाच लाख डॉलर, तो बघून सगळ्यांची तोंडं उतरलीत.

परभणीवाला
ती सरासरी हाय रे. तिथल्या फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेचा, 2022 चा सर्वे, त्यात त्या वयाची सरासरी साधारण 5 लाख 49 हजार डॉलर पण मध्यक 1 लाख 35 हजारच्या आसपास. मध्यक म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर मधल्याचं. चार गबर लोक सरासरी वर ओढतात. आणि ते आकडे अख्ख्या कुटुंबाचे हायेत, एकट्याचे नाहीत, वय तेवढं घरातल्या एका माणसाचं धरतात. आपल्याकडचा कर्ज आणि गुंतवणुकीचा सरकारी सर्वे बी घर धरूनच.

जालन्याचे काका
मला तर वयानुसार हा शब्दच इथं बसत नाही असं वाटतं. पस्तिशीचा पोरगा, जमीन बापाच्या नावावर, कधी कधी अजून आजाच्याच, वाटणी झालेली नाही, फेरफार नाही. कागदावर त्याचं काय? मोटारसायकल आन् तिचा हप्ता. वाटणी झाली की तोच एका दिवसात मातबर. मग त्याची पुण्यात फ्लॅट घेतलेल्या वर्गमित्राशी काय बरोबरी करता, आन् त्या फ्लॅटवर बी वीस वर्षांचं लोन असतंयच की. सोयरीक जुळवताना म्हणून तर पोराला नाही विचारत, घराला विचारतात, किती एकर, भाऊ किती.

लातूरकर
काका पटलं. हेडिंग "देणं वजा जाता" फिक्स. पण वाटणी न झालेली जमीन धरायची का मग? आमची बारा एकर हाय, आम्ही दोघं भाऊ, म्हणून मी सहा धरलेत.

उदगीरची ताई
आधी वडील हिस्सेदार हायेत ते धर. आणि बहिणी किती हायेत तुला? वडिलोपार्जित असल तर हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा पोराएवढाच. शीट परत कर.