एकेक लस वेगळ्या दिवशी घ्यायची तर २८ दिवसांचा नियम बघा

बाळाला एका दिवशी अनेक सुया नकोत म्हणून काही जण 'एका वेळी एकच लस, पुढची दहा दिवसांनी' असा तोडगा सुचवतात. तो सौम्य वाटतो खरा, पण गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या बाबतीत तो चक्क अंगलट येतो. या दोन्ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंच्या लसी. त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये किमान २८ दिवस जाऊ द्यायचे. दहाव्या दिवशी टोचली तर पहिल्या लसीने जागी झालेली प्रतिकारयंत्रणा दुसरीचा विषाणू नीट वाढू देत नाही. मग तो डोस धरत नाहीत, पुन्हा द्यावा लागतो. म्हणजे सुई वाचवायला गेलो आणि एक वाढली! निष्क्रिय लसींना (म्हणजे ज्यांत जिवंत जंतू नसतात) आणि तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या, जुलाबावरच्या रोटाव्हायरस लसीला ही अट नाही.

शिवाय एकाच दिवशी 'एकत्र' म्हणजे एका सिरिंजमध्ये मिसळून नव्हे. प्रत्येक लसीची सिरिंज वेगळी, जागाही वेगळी; एकाच मांडीत दोन द्यायच्या तर मध्ये किमान २.५ सेंमी अंतर. कुठली लस कुठे दिली ते कार्डावर लिहून घ्या, नंतर सूज आली तर कशाची ते कळतं. जास्त झोंबणारी लस शेवटी द्यायला सांगा, बाळ अंगावर पीत असेल तर टोचताना पाजत राहा. आणि ताप यायच्या आधीच पॅरासिटामॉल देऊन ठेवायची घाई डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, त्याने काही लसींची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) कमी तयार होतात.