माल्टाची भाषा : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-302 : सर्वांना नमस्कार. आमच्या सूनबाईंना माल्टामध्ये नोकरी मिळाल्याचे काल कळवले, तेव्हा हा देश नेमका कुठे आहे असे बऱ्याच जणांनी विचारले. इटलीच्या सिसिली बेटाच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रातील हा द्वीपसमूह अवघ्या 316 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या मुंबईहूनही लहान आहे. तो 1964 साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला आणि 2004 साली युरोपीय संघात गेला. मला मात्र सर्वांत नवल वाटले ते तिथल्या भाषेचे. माल्टीज ही अरबीच्या कुळातली असूनही रोमन लिपीत लिहिली जाते.

सी-104 : काकू, मनापासून अभिनंदन. एक शंका विचारतो. तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक आहेत ना? मग प्रार्थनेत ते देवाला काय म्हणतात?

ए-302 : 'अल्ला' असेच म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळालाही 'रंदान' म्हणतात, आणि तो रमजानचाच शब्द आहे. 870 साली अरबांनी बेटे जिंकली आणि पुढे सिसिलीत बोलली जाणारी अरबी तिथे रुजली. 1091 साली सिसिली जिंकणारा ख्रिस्ती नॉर्मन (मूळचा उत्तर फ्रान्सचा) सरदार रॉजर आला, कालांतराने इस्लाम मागे पडला, सत्ता बदलत राहिल्या आणि सिसिलियन-इटालियन शब्द इतके आले की आज जवळपास निम्मा शब्दसंग्रह त्यांचाच आहे. पण अंक, नाती आणि रोजच्या व्यवहारातील क्रियापदे बहुतांशी अरबी वळणाचीच राहिली. शिकलेल्यांची भाषा दीर्घकाळ इटालियन होती. 1934 साली तिला बाजूला सारून इंग्रजीबरोबर माल्टीजला राजभाषेचा मान मिळाला, हे मला फार मोलाचे वाटते.

बी-501 : वहिनी, आम्हा गोवेकरांना हे अगदी ओळखीचे वाटेल. आमच्याकडचे अनेक ख्रिस्ती बांधव कोंकणी रोमन लिपीत लिहितात आणि चर्चमधल्या प्रार्थनेत 'देव' हाच शब्द वापरतात. धर्म समुद्रापलीकडून आला, तरी देवाला हाक मारण्याचा शब्द घरचाच राहिला.

सी-104 : मराठीतही फारसीच्या वाटेने अरबी शब्द आले आहेत. त्यांतले काही तिथे भेटतात का?

ए-302 : पुष्कळ भेटतात. दुनियेला ते 'दिन्या' म्हणतात आणि सैतानाला 'शितान'. आपला फकीर तिथे साधा गरीब माणूस असतो. 'साहेब' या शब्दाचे भावंड तर तिथे सोबती किंवा भागीदार या अर्थाने चालते, आणि अरबीतला मूळ अर्थही सोबती असाच आहे. अधिकाराचा अर्थ त्याला नंतर चिकटला. निरोप घेताना ते 'साह्हा' म्हणतात, म्हणजे आरोग्य. आपण सेहत म्हणतो, तोच हा शब्द. सूनबाईंनी सर्वांत आधी हाच पाठ केला आहे.